काकांची पद्मिनी घरच्या शेडमध्येच पुन्हा चालती करायची असेल तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: १९७८ ची प्रीमियर पद्मिनी, काकांच्या नावावर, काका आता हयात नाहीत. गाडी सात वर्षं सांगली जिल्ह्यातल्या विट्याजवळच्या शेडमध्ये उभी आहे. हाताशी पान्यांचा सेट, ग्राइंडर आणि आर्क वेल्डिंगचं मशीन. आधी इंजिन उघडायचं की रंगाला हात घालायचा, जिप्सीचं इंजिन बसेल का, आणि डिस्क ब्रेक, अलॉय व्हील, एसी हे सगळं करता येईल का?

इंजिन आणि रंग दोन्ही थांबू द्या. आधी कागद, मग पत्रा, मग ब्रेक. इंजिन त्यानंतर, आणि रंग सगळ्यात शेवटी. इंजिनापासून सुरुवात केलेल्या कितीतरी गाड्या अर्ध्यावर पडून राहतात. इंजिन सुरू होतं, घरचे खूश होतात, आणि मग कार्पेट उचललं की खाली जमीन दिसते. तोवर पैसेही संपलेले असतात आणि उमेदही.

कागदांचं आधी. आरसी बुकावरचा चासी नंबर आणि इंजिन नंबर गाडीवर प्रत्यक्ष जुळतो का, ते स्वतः बघा. गंज आणि तेलकट मळ निघेपर्यंत पितळी ब्रशने घासा, ग्राइंडर अजिबात लावू नका. कागद ठेवून पेन्सिलने छाप घ्या. मालक वारल्यावर वारसाच्या नावावर गाडी करायला फॉर्म ३१ लागतो. विक्रीचे फॉर्म २९-३० इथे चालत नाहीत, आणि काकांच्या नावाने कुणी सह्या ‘जमवून’ देतो म्हणाला तर त्याच्या नादी लागू नका. जुना तीन अक्षरी नंबर असेल तर तो आरटीओच्या संगणकात चढलेला नसण्याची शक्यता मोठी. तेव्हा आधी बॅकलॉग एंट्री, म्हणजे जुनी नोंद संगणकात चढवून घ्यावी लागते, मगच बाकीचे अर्ज पुढे सरकतात. खाजगी गाडीची नोंदणी पहिली पंधरा वर्षं, त्यानंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण, ज्याला आपण पासिंग म्हणतो. त्याचा फॉर्म २५. वीस वर्षांवरच्या हलक्या वाहनांचं नूतनीकरण शुल्क ऑगस्ट २०२५ मध्ये १०,००० रुपयांवर नेलं आहे. पर्यावरण कर आणि उशिराचा दंड वेगळा, नवी सुरक्षा नंबरप्लेट वेगळी. दिल्लीतल्या दहा-पंधरा वर्षांच्या बंदीचा आपल्याकडे संबंध नाही, त्यामुळे ‘जुनी गाडी आता भंगारातच’ असं सांगणाऱ्यांकडे लक्ष देऊ नका.

मॉडिफिकेशनबद्दल माझं जे म्हणणं आहे ते याच कागदांतून निघतं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की कंपनीने दिलेल्या आणि आरसीवर नोंदलेल्या तपशिलांत फरक पडेल असा बदल मालकाने करायचा नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये तेच पुन्हा स्पष्ट केलं. दुसरीकडे, जुलै २०२१ पासून व्हिंटेज वाहनांसाठी वेगळे नियम आहेत. पन्नास वर्षांवरची, मूळ रूपात राखलेली, चासी, बॉडी शेल आणि इंजिन यांत मोठा फेरफार न केलेली गाडी ‘व्हीए’ मालिकेत नोंदवता येते. शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं, आणि ती रोजच्या वापरासाठी नसते. तुमची गाडी २०२८ मध्ये पन्नाशी गाठते. तुम्ही व्हिंटेजमध्ये जाल की साध्या पासिंगवर चालवाल, हे तेव्हा ठरवा, पण तो रस्ता आजच ग्राइंडरने कापून टाकू नका. म्हणून मी एकच कसोटी लावतो: जो बदल पाना घेऊन उलटा करता येतो तो खुशाल करा. ज्याला कापाकापी किंवा वेल्डिंग लागतं, तो फक्त जिवाच्या सुरक्षिततेसाठी.

आता पत्रा. पद्मिनी म्हणजे मुळात फियाट ११०० डिलाइट. १९६४ पासून कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात ती बनू लागली, १९७४ पासून तिला पद्मिनी म्हणू लागले. जुन्या जीपसारखी हिला खाली वेगळी चासी नाही. फरशी, दाराखालच्या पेट्या म्हणजे सिल, खांब आणि छप्पर मिळूनच गाडी उभी राहते. त्यामुळे सिलचा गंज हा दिसण्याचा मुद्दा नाही, ते गाडीचं हाडच आहे.

तपासणी अशी करा. कार्पेट आणि त्याखालचं डांबरी अस्तर पूर्ण काढा. जुना जाड स्क्रूड्रायव्हर घेऊन ड्रायव्हरच्या पायाखालची फरशी, जॅक लावायच्या जागा, सिलचा खालचा काठ, बॅटरीचा ट्रे, डिकीची फरशी आणि मागच्या पाट्यांचे (लीफ स्प्रिंगचे) हँगर जिथे बॉडीला बसतात त्या जागा ठोकत जा. सणसणीत आवाज आला तर पत्रा आहे, बद्द आवाज आला तर लांबी म्हणजे भरलेली पुट्टी आहे किंवा गंजाचा पापुद्रा. पातळ फडक्यात गुंडाळलेला लोहचुंबक फिरवा. जिथे तो धरत नाही तिथे लांबी जाड भरलेली आहे. पुढच्या काचेच्या रबराचा खालचा काठ आणि बिजागऱ्यांच्या खांबाचं बूड या दोन जागा लोक विसरतात, आणि पाणी नेमकं तिथेच झिरपतं. मग एक परीक्षा: चारही दारं बंद करून एका बाजूच्या सिलखाली जॅक लावून गाडी थोडी उचला. दाराची फट बदलली किंवा दार अडकलं, तर त्या बाजूची पेटी भार घेत नाही असं समजा.

त्याआधी शेडचं बघा. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही जायचं नाही, चार चांगल्या घोड्या, म्हणजे गाडी तोलून धरणारे लोखंडी स्टँड, विकत घ्या. विटा, काँक्रीटचे ब्लॉक घोडी म्हणून चालत नाहीत, ते न सांगता फुटतात. शेडला शहाबादी फरशी असेल तर घोडीच्या पायाखाली जाड प्लायचा तुकडा घाला, नाहीतर फरशी तडकते आणि घोडी कलते.

सिल कापायची वेळ आली तर घाई करू नका. गाडी सपाट जागेवर, तिचा भार सस्पेन्शनवरच राहील अशी ठेवा. दाराच्या चौकटीत २५ मिलीमीटरचा चौकोनी पाइप आडवा-तिरका लावून पुढचा आणि मधला खांब एकमेकांना बांधून घ्या. मग एकच बाजू कापा, ती पूर्ण करा, दार लावून फटी तपासा, आणि मगच दुसरी. दोन्ही बाजू एकदम कापलेली गाडी केळ्यासारखी वाकते आणि मग दारं जन्मभर नीट लागत नाहीत. चासी नंबर ठोकलेला पत्रा मात्र कोणत्याही परिस्थितीत कापायचा नाही. आजूबाजूला गंज असेल तर त्याच्याभोवती काम करा.

तुमच्या आर्क मशीनने गेट होईल, गाडी होणार नाही. बाहेरचा पत्रा वीस गेजच्या आसपास, म्हणजे मिलीमीटरहून थोडा कमी. आर्कने त्याला भोकं पडतात. गॅस वेल्डिंगने काम होतं, आपले जुने डेंटर त्यातच तरबेज, पण उष्णता पसरून सपाट पत्रा लाटा मारतो. मिग मशीन भाड्याने आणा किंवा मिगवाला कारागीर दोन-चार दिवस घरी बोलवा: ०.८ मिलीमीटरची तार, आर्गॉन-सीओटू मिश्र गॅस. बाहेरच्या पॅनेलला वीस गेज आणि फरशी-सिलला अठरा गेजचा सीआर (कोल्ड रोल्ड) पत्रा घ्या. गॅल्व्हनाइज्ड पत्रा घेऊ नका, जस्ताचा धूर छातीत जातो आणि रात्री थंडी वाजून ताप भरतो. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग वेल्ड ओढायचा नाही. एकमेकांपासून दूर दूर छोटे टाके घाला, जागा बदलत राहा, मधल्या जागा हळूहळू भरा. वेल्डिंगपूर्वी बॅटरी सोडून बाहेर काढा, पेट्रोलची टाकी उतरवून शेडच्या बाहेर ठेवा. रिकामी टाकी भरलेल्यापेक्षा जास्त धोक्याची, कारण आत वाफ असते. तिला घरी वेल्डिंग करायचा विचारही नको, रेडिएटर-टाकीचं काम करणाऱ्याकडे द्या.

सुट्या लोखंडी भागांच्या गंजावर तुमच्या भागात एक स्वस्त औषध आहे. गुऱ्हाळावर आंबलेली, कुणी न घेणारी काकवी मिळाली तर एक भाग काकवी आणि नऊ भाग पाणी एका प्लास्टिकच्या पिंपात करा. बिजागऱ्या, ब्रॅकेट, बंपरचे क्लॅम्प त्यात दोन-तीन आठवडे बुडवून ठेवा. गंज सुटतो, शाबूत लोखंड फारसं खात नाही. वास भयंकर येतो, माश्या येतात, म्हणून घरापासून लांब. साखर कारखान्याच्या मळीच्या मागे लागू नका, तिच्यावर उत्पादन शुल्क खात्याचं नियंत्रण असतं. अॅल्युमिनियमचं काहीही, विशेषतः कार्ब्युरेटर, त्यात टाकायचं नाही. बाहेर काढल्यावर धुऊन, सुकवून, त्याच दिवशी प्रायमर मारा, कारण उघडं लोखंड पावसाळी हवेत तासाभरात तांबूस व्हायला लागतं. धुण्याचा सोडा आणि बॅटरी चार्जर वापरून विजेनेही गंज काढता येतो. त्यात फक्त दुसऱ्या टोकाला स्टेनलेस स्टील लावू नका, विषारी क्रोमियम तयार होतं. साधी लोखंडी सळी लावा आणि काम उघड्यावर करा, कारण हायड्रोजन निघतो.

वेल्डिंग झालं की इपॉक्सी प्रायमर, सांध्यांना सीलर, आणि सिलच्या आत पोकळीत मेणाचा फवारा. सिलच्या तळाला पाणी निघायची छोटी भोकं असतात. नीटनेटकेपणाच्या हौसेत लोक ती सीलरने बुजवतात आणि पाच वर्षांत पुन्हा तिथेच येतात.

ब्रेकला चारही चाकांना ड्रम आहेत. सात वर्षं उभ्या गाडीत व्हील सिलिंडरची रबरं चिकटलेली असणार, होज आतून फुगलेले असणार आणि तेलाने पाणी ओढून घेतलेलं असणार. इथे ‘चालतंय तर राहू दे’ म्हणायचं नाही. चारही ड्रम काढा. जुन्या लायनिंगमध्ये अॅसबेस्टॉस असू शकतो, त्यामुळे कॉम्प्रेसरने धूळ उडवू नका. पाण्यात साबण घालून ओलं करून पुसा आणि ते फडकं पिशवीत बांधून टाका. व्हील सिलिंडरच्या आत खड्डे पडलेले असतील तर नुसतं रबरांचं किट टाकून उपयोग नाही, सिलिंडरच बदला किंवा लेथवर स्लीव्ह घालून घ्या. ड्रम अंडाकृती झालेले असतात, पेडल पायाखाली नाचतं ते त्यामुळे. लेथवाल्याकडून गोल करून घ्या, पण किती पातळ झालाय ते मोजून. होज सगळे नवे, लोखंडी नळ्या गंजल्या असतील तर नव्या. साधी तांब्याची नळी वापरू नका, ती दाबाखाली थकून तडकते. तेल डॉट ३ किंवा ४, पूर्ण नवं. हवा काढताना मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांबच्या चाकापासून, म्हणजे मागच्या डाव्यापासून सुरू करा. ब्रेकचं तेल रंगावर सांडलं तर रंग सोलून निघतो, म्हणूनही रंग शेवटी.

त्याच वेळी पुढचं चाक वर-खाली धरून हलवा. किंगपिनला (पुढचं चाक ज्या खुंटीवर वळतं तिला) प्ले म्हणजे ढिलाई असेल तर बुश बदलून रीमर करून घ्यावे लागतील. ते घरी होत नाही, मशीन शॉपचं काम आहे. ग्रीस निपल सगळे शोधून काढा आणि जुनं दगड झालेलं ग्रीस बाहेर येईपर्यंत पंप मारा. ही गाडी ग्रीसवर जगते. मागचे पाटे सोडून शॅकल बुश बघा. स्टीअरिंगवरचा गिअर अडकतो अशी तक्रार असेल तर गिअरबॉक्स उघडायच्या आधी लिंकेजचे बुश बदला, बहुतेक वेळा दोष तिथेच सापडतो. टायरच्या बाजूला चार आकडी कोड असतो, पहिले दोन आकडे आठवडा, पुढचे दोन वर्ष. ‘नक्षी अजून आहे’ म्हणून पंधरा वर्षांचे टायर ठेवू नका.

आता इंजिन. १०८९ सीसी, लोखंडी ब्लॉक, अॅल्युमिनियमचं हेड. साधं आणि समजूतदार. पहिला सेल्फ मारायच्या आधी चारही प्लग काढा. प्रत्येक सिलिंडरमध्ये इंजिन ऑइल आणि डिझेलचं मिश्रण थोडं थोडं ओता आणि दोन दिवस सोडा. मग पुलीच्या नटावर पाना लावून हाताने फिरवा. फिरलं नाही तर जोर लावू नका, पुन्हा तेल ओता, पुन्हा वाट बघा. अडकलेली रिंग जबरदस्तीने फिरवली की तुटते. मोकळं झालं की जुनं ऑइल काढा. त्यात दुधासारखा रंग दिसला तर पाणी गेलंय, हेड काढावंच लागेल. नवं २०डब्ल्यू-५० भरा आणि प्लग न लावता सेल्फ मारून ऑइलचा दाब येऊ द्या. पेट्रोल जुन्या टाकीतून नको. छोट्या कॅनमधून पंपाला द्या, अग्निशामक हाताशी ठेवून.

कॉम्प्रेशन गेज विकत घेण्याइतकी स्वस्त वस्तू आहे. चारही सिलिंडर एकमेकांच्या दहा टक्क्यांत असतील तर इंजिन उघडू नका. एखादा कमी असेल तर त्यात चमचाभर तेल टाकून पुन्हा मोजा. वाढला तर रिंग-बोअर, नाही वाढला तर व्हॉल्व्ह. हेड काढलंच तर नट बाहेरून मधल्या दिशेने, टप्प्याटप्प्याने सोडा, आणि लावताना उलट, मधून बाहेरच्या दिशेने, टप्प्याटप्प्यानेच टॉर्क रेंचने आवळा. अॅल्युमिनियमचं हेड वाकतं. ते सपाट आहे का, ते सरळ पट्टी आणि फीलर गेज लावून बघा. बोअर करायची असेल तर कोल्हापूरचं शिवाजी उद्यमनगर तुम्हाला दूर नाही, तिथल्या मशीन शॉपना हे रोजचं काम आहे. पण ओव्हरसाइझ पिस्टन आधी हातात घ्या आणि मगच त्या पिस्टनच्या मापाला बोअर करून घ्या. बोअर झाली आणि पिस्टन मिळाले नाहीत, अशी इंजिनं बाजारात बरीच पडून आहेत.

बहुतेक जुन्या पद्मिनींतून कुणीतरी थर्मोस्टॅट काढून फेकलेला असतो, ‘गरम होते म्हणून’. गरम व्हायचं कारण चोंदलेला रेडिएटर असतो. रेडिएटर साफ करा, थर्मोस्टॅट परत बसवा, आणि नळाचं पाणी न घालता कूलंट घाला. लोखंड आणि अॅल्युमिनियम एकत्र असलेल्या इंजिनात साधं पाणी हेडचे मार्ग खात जातं.

पेट्रोलचा मुद्दा काकांच्या वेळी नव्हता. आता पंपावर मिळतं ते २० टक्के इथेनॉलचं. जुनी रबरी नळी, पंपाचा डायफ्रॅम, कार्ब्युरेटरची गॅस्केट त्याने फुगतात किंवा चुरतात, आणि इंजिनच्या डोक्यावर पेट्रोल ठिबकणं म्हणजे आगीला निमंत्रण. इथेनॉल चालेल असं स्पष्ट लिहिलेला होज घ्या, क्लॅम्पसह सगळा नवा टाका. शिवाय निव्वळ पेट्रोलला वजनाने साधारण १४.७ पट हवा लागते, या मिश्रणाला साडेतेराच्या आसपास. म्हणजे कार्ब्युरेटरमधल्या जुन्या जेटवर (पेट्रोल मोजून सोडणाऱ्या बारीक भोकाच्या तुकड्यावर) इंजिन पातळ, म्हणजे पेट्रोल कमी पडणाऱ्या मिश्रणावर चालतं: गरम राहतं, चढाला अडखळतं. प्लगचं टोक पांढुरकं दिसत असेल तर मेन जेट एक माप मोठा टाकून बघा. जुना जेट डबीत जपून ठेवा. इथेनॉल पाणी ओढतं, तेव्हा गाडी महिनोन्महिने उभी राहणार असेल तर टाकी एक तर काठोकाठ भरा किंवा पूर्ण रिकामी करा.

आता तुमची यादी.

जिप्सीचं इंजिन: बसतं, लोकांनी बसवलंय, पण तुम्ही बसवू नका. पद्मिनीची ताकद चाळीस अश्वशक्तीच्या आसपास. ब्रेक, मागचा अॅक्सल, पुढचं सस्पेन्शन सगळं त्या हिशोबाचं आहे. ६० ते ८० अश्वशक्तीचं इंजिन टाकलं की एकेक करून सगळं बदलावं लागतं. माउंट आणि गिअरबॉक्सच्या बोगद्यासाठी बॉडी कापावी लागते. आरसीवरचा इंजिन नंबर जुळत नाही, अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करते, आणि पन्नाशीनंतरची व्हिंटेज नोंदणीही गेली.

डिस्क ब्रेक: नीट बसवलेले डिस्क चांगलेच. पण ब्रॅकेट, हब आणि मास्टर सिलिंडरचा बोअर एकमेकांशी जुळवावे लागतात. नाहीतर पुढची चाकं उशिरा आणि मागची आधी धरतात, आणि ओल्या रस्त्यावर गाडी शेपूट मारते. गोल केलेले ड्रम, नवी लायनिंग आणि नवं तेल घालून आधी महिनाभर चालवा. या वेगाच्या गाडीला ते पुरतं. मी पैसे घालणार असेन तर डिस्कऐवजी दुहेरी सर्किटच्या मास्टर सिलिंडरवर घालेन, म्हणजे एक नळी फुटली तरी निम्मे ब्रेक हातात राहतात. तो बसवताना जुना सिलिंडर, जुन्या नळ्या जपून ठेवा.

अलॉय: मला आवडत नाहीत, ही आवड-निवड झाली. पण जास्त बाहेर आलेलं रुंद चाक किंगपिनवर आणि बेअरिंगवर भार टाकतं आणि मडगार्डला घासतं, ही आवड-निवड नाही. मूळ चौदा इंची रिम सँडब्लास्ट करून रंगवा.

जे बदल मी खुशाल करायला सांगेन ते विजेचे आहेत. गाडीला डायनमो असेल तर अल्टरनेटर लावा. रात्री गावातून हळू जाताना दिवे पिवळे पडणं थांबतं. डायनमोचा कट-आउट मधून काढावा लागतो, आणि डॅशवर अॅमीटर असेल तर अल्टरनेटरचा पूर्ण करंट त्यातून जाऊ देऊ नका, जुनी तार तापून जळते. बॅटरीपर्यंत जाड केबल वेगळी ओढा. हेडलाइटला रिले आणि स्वतंत्र फ्यूज द्या. जुन्या स्विचमधून सगळा करंट जात असल्याने बल्बपर्यंत पुरता दाबच पोचत नाही. रिले लावल्यावर साधा ६०/५५ वॉटचा हॅलोजनही लख्ख दिसतो. समोरच्याचे डोळे दिपवणाऱ्या एचआयडीची गरज उरत नाही. पॉइंटच्या जागी इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसतं, पण जुने पॉइंट आणि कंडेन्सर ग्लव्ह बॉक्समध्ये ठेवा. मॉड्यूल रात्री रस्त्यात गेलं तर दहा मिनिटांत परत लावता येतात. वायरिंग कडक झालेलं, उंदरांनी कुरतडलेलं असेल तर तुकडे जोडत बसू नका, पूर्ण हार्नेस नवा घाला.

कसोटीतली जिवाच्या सुरक्षिततेची सूट मी एकाच बदलासाठी वापरतो: सीट बेल्ट. १९७८ च्या गाडीत बहुधा नसतात. त्यांच्यासाठी वेल्डिंग करा. नुसत्या पत्र्याला बोल्ट मारून बेल्ट लावला तर धडकेत पत्र्यासकट उपटून येतो. मागून किमान तीन मिलीमीटर जाडीची, तळहाताएवढी पट्टी वेल्ड करून तिला बेल्टचा मूळ बोल्ट बसवा.

सामानाची चिंता आहे ती खरी आहे. या गाडीचे भाग इतकी वर्षं मुबलक होते ते मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींमुळे. शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ अखेरीस वयोमर्यादेने रस्त्यावरून उतरली, आणि त्याबरोबर दुकानदारांचं नवा माल भरण्याचं कारणही संपलं. तेव्हा कामाच्या आधी यादी करून सामान गोळा करा. मुंबईत ऑपेरा हाउसचा स्पेअर बाजार आणि कुर्ल्याचा सीएसटी रोड, पुण्यात नाना पेठ आणि जुना बाजार. रबर, किट, बेअरिंग मिळतात. दारांच्या पट्ट्या, मागच्या दिव्यांच्या काचा, मूळ हँडल हे मिळणं अवघड, म्हणून तुमच्या गाडीवरचं मोडकं असलं तरी फेकू नका. सुटा केलेला प्रत्येक बोल्ट पिशवीत, पिशवीवर नाव, आणि सोडण्याआधी मोबाइलवर फोटो. फियाटचे नट-बोल्ट मेट्रिक आहेत, तुमचा साधा पान्यांचा सेट चालतो, हे एक सुख. अॅम्बॅसडरवाल्यांना इंची पाने शोधावे लागतात.

रंग दिवाळीनंतर, शिमग्याच्या आत. पावसाळी दमट हवेत एनसी (नायट्रोसेल्युलोज) रंगावर पांढरट झाक येते आणि ती पॉलिशने जात नाही. हल्लीचे दोन भागांचे पीयू (पॉलियुरेथेन) रंग चकचकीत दिसतात, पण त्यांच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, दमा जडवणारं. कापडी किंवा धुळीचा मास्क त्याला काहीच करत नाही. घरात लहान मुलं असतील तर शेडमध्ये पीयू फवारू नका. बॉडी प्रायमरपर्यंत तुम्ही तयार करा, लांबी कागदाइतकी पातळ राहील असं डेंटिंग करा, आणि शेवटचा कोट बूथ असलेल्या पेंटरकडे मारून घ्या. रंग बदलणार असाल तर आरसीवर नोंद करायला विसरू नका. मूळ रंग कोणता होता ते डॅशखाली किंवा ग्लव्ह बॉक्सच्या मागे खरवडून कळतं.

एसीचं राहिलं. कॉम्प्रेसर फिरवायला चाळीसातले चार-पाच अश्वशक्ती तरी जातात, रेडिएटरच्या तोंडावर कंडेन्सर येतो, आणि उन्हात घाट चढताना सुई लाल रेषेकडे जाते. पुढची तिकोनी काच उघडून ती वाऱ्याकडे वळवा, वारा थेट अंगावर येतो. त्या काचांची रबरं आणि खिट्या आजही मिळतात, तेवढ्या बदलून घ्या.